राखलेली जागा

मधुकरराव गुरुजींची एक तऱ्हा होती, आणि पुढचा सगळा घोटाळा त्या तऱ्हेपायी झाला. तालमीला एखादा नट आला नाही, तर त्याची वाक्यं दुसऱ्या कुणी वाचायची नाहीत. इतर ठिकाणी काय करतात? कुणीतरी वही धरून भराभरा वाचून टाकतो आणि गाडं पुढे ढकलतो. गुरुजींना ते खपत नसे. न आलेल्याची जागा रिकामी राखायची. तो जिथे उभा राहायचा तिकडे पाहायचं, त्याचं वाक्य मनातल्या मनात पुरं होऊ द्यायचं, आणि मगच आपण तोंड उघडायचं. त्या रिकाम्या जागेतून कुणी आरपार चालत गेलं, तर गुरुजी टेबलावर पट्टी आपटत.

"अरे, माणूस उभा आहे ना तिथे! दिसत नाही?"

पोरं आधी तोंड दाबून हसत. गुरुजी मात्र मुळीच हसत नसत. "बोलता पोपटालाही येतं," ते म्हणत. "नटानं ऐकायला शिकायचं असतं. समोर कुणी नसताना ज्याला ऐकू येतं, त्याला समोर कुणी असताना येणारच."

हे सेलूचं. शिक्षक तयार करणारं एक विद्यालय तिथे नुकतंच निघालं होतं. वर्धा तेव्हा अजून मध्यप्रदेशात होतं. सकाळी प्रार्थना, मग वर्ग, मग शेत नाहीतर सूतकताई, आणि ऊन कलायला लागलं की कताईच्या खोलीतले चरखे भिंतीशी लावून नाटकाची तालीम. नाटक गुरुजींनी स्वतःच लिहिलेलं होतं. गोष्ट साधी होती. घरातला थोरला मुलगा बापाशी भांडून निघून जातो. मागे बाप मरतो, धाकटा घर सांभाळतो, आणि कित्येक वर्षांनी एके दिवशी थोरला परत येऊन दारात उभा राहतो. "आई, मी आलो," एवढंच म्हणतो. सगळ्या नाटकाचा जीव त्या प्रवेशात होता.

थोरल्याची भूमिका मिळाली होती पुनाजी कुमरेला. कशी मिळाली ती गंमतच होती. पुनाजी बोरच्या जंगलाकडल्या एका गावातला, गोंडाचा पोरगा. त्याच्या गावातून इतकं शिकलेला तो पहिलाच. विद्यालयात आल्यापासून मागच्या रांगेत बसायचा, हजेरीला 'हजर' म्हणायचा, आणि तेवढंच त्याचं तिथलं बोलणं. एकदा विद्यालयाच्या शेतातला बैल दावं तोडून पळाला, तेव्हा पुनाजीनं बांधावरून त्याला अशी हाक मारली की बैल जागच्या जागी थांबला. तिकडे वर्गात शिकवत असलेले गुरुजीही थांबले. "कोण ओरडलं रे ते?" असं विचारत ते स्वतः बांधावर आले, आणि त्यांना त्यांचा थोरला सापडला.

त्या दिवसापासून पुनाजीचं आयुष्यच पालटलं म्हणा ना. पोरं त्याला "काय थोरले!" म्हणून हाका मारू लागली. समुद्रपूरचा कृष्णकांत, बड्या घरचा आणि तसाच बडेजावी, जेवताना त्याला शेजारी बसवून घेऊ लागला. तो नाटकात धाकटा झाला होता. आईचं काम करणारी सुधा वर्ध्याच्या एका कारकुनाची मुलगी होती. तीही त्याला तालमीत कसं उभं राहावं, कसं वळावं ते विचारायची. आपण आलो नाही तर कुणाचं तरी अडतं, ही गोष्ट पुनाजीला जन्मात पहिल्यांदा कळली होती. ती त्याला इतकी गोड लागली की झोपेतसुद्धा तो "आई, मी आलो" म्हणायचा. या भूमिकेवर त्याचा जीव जडला होता, आणि ती गेली असती तर तो पुन्हा मागच्या रांगेत जाऊन बसला असता, हे त्याचं त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि नेमका त्यालाच हिवताप आला.

साधासुधा नाही. दात वाजायला लागले, पांघरुणावर पांघरुणं घातली तरी थंडी थांबेना. शेवटी गावाकडची बैलगाडी बघून त्याला घरी पाठवलं. निघताना तो एकच गोष्ट विचारत होता, "माही भूमिका कोनाले देसान का गुरुजी?"

"कुणालाही देणार नाही," गुरुजी म्हणाले. "तुझी जागा राखू. तू ये."

गुरुजी शब्दाला पक्के होते. इथेच त्यांचं चुकलं, पण तसं त्यांना कोण सांगणार?

घरी पुनाजीची आई बायजा एकटीच होती. नवरा वारला त्याला बरीच वर्षं झाली होती. तिनं काढे केले, सरकारी दवाखान्याच्या गोळ्या आणवल्या, रात्ररात्र त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं. ताप हळूहळू हटला. पण एक भलतंच सुरू झालं. दिवसभर पोरगा बरा असे, पेज पीत असे, दोन शब्द बोलत असे. ऊन कलायला लागलं, की त्याचे डोळे मिटत. त्याला झोप म्हणता आली नसती. हाक मारली तर ओ नाही, अंग गार, श्वास चालला आहे की नाही ते नाकाशी हात धरून पाहावं लागे. बायजानं एकदा त्या वेळी त्याला कुशीवर वळवलं, तर तो तिला रिकाम्या सुपासारखा हलका लागला. सूर्य झाडांच्या खाली गेला की हा आपोआप उठून बसे, आणि दिवसभर नांगर धरल्यासारखा दमलेला असे.

"या वेळेला तू तिकडे काय करत असतोस?" तिनं एकदा विचारलं. मायलेक आपसात गोंडीतच बोलत. इथे ते मराठीत सांगितलं आहे, एवढंच.

"तालीम असते आमची."

"आता तू इथे आहेस. मग तिकडे काय करत असतील?"

पुनाजीनं मोठ्या कौतुकानं तिला गुरुजींची तऱ्हा सांगितली. माझी जागा कुणाला देत नाहीत, माझं वाक्य येईपर्यंत सगळे थांबतात, तिकडे बघतात, मधून कुणी जात नाही. सांगताना त्याचा चेहरा खुलला होता. बायजा तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"तू मेलास का?" ती म्हणाली.

"काय बोलतेस हे?"

"मग तुझी जागा कशाला राखतात? जागा आपण मेलेल्याची राखतो. कोपऱ्यात त्याचा घास ठेवतो, तिकडे पाय करत नाही, मधून जात नाही, त्याचं नाव घेऊन थांबतो. म्हणून तर ते येतात. जिवंत माणूस परगावी गेला तर त्याची थाळी पालथी घालतो, वाकळ गुंडाळून ठेवतो. ते काय उगाच? त्याची जागा उघडी पडू नये म्हणून. तुझा मास्तर शिकलेला असेल, पण त्यानं सगळं उलटं केलं."

"अगं, नाटक आहे ते."

"येणाऱ्याला ते नाटक आहे हे कोण सांगतं?"

पुनाजी हसला. खरं तर त्याला हसू आलं नव्हतं, पण शिकलेल्या माणसानं अशा वेळी हसायचं असतं. बायजा हसली नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं त्याला, पायांत नीट बळ नसताना, गाडीत बसवलं.

"जा, आणि त्या जागेत उभा राहा. तू बोल. ते गप्प राहतात ना, ती गप्प वेळ त्या येणाऱ्याची असते. ती त्याला देऊ नकोस." गाडी हलली तरी ती चाकाशेजारून चालत राहिली. "लोकांसमोर खेळ कराल, तेव्हा मी येईन. लोकांनी एकदा त्याला पाहिलं, की मग माझ्याच्यानं काही होणार नाही. ऐकलंस ना?"

पुनाजीनं ऐकलं असं म्हटलं.

वाटेत ऊन कललं, पण त्या दिवशी त्याचे डोळे मिटले नाहीत. तो सेलूला पोचला तेव्हा तालीम रंगात आली होती. दाराशी न जाता तो खिडकीच्या गजांतून बघत उभा राहिला. थोरल्याचा प्रवेश चालला होता. सुधा खाली बसली होती. तिनं मान वर करून दाराकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. कृष्णकांत एक पाऊल मागे सरला, कुणाला तरी वाट करून दिल्यासारखा. मग शांतता. खोलीतलं कुणी हलेना, कुणी खोकेना. सगळ्यांच्या माना एकाच वेळी, अगदी थोड्याशा वळल्या. म्हणजे जो कुणी दारात होता तो दोन पावलं आत आला होता.

"इतके दिवस कुठे होतास रे?" सुधा म्हणाली.

हे वाक्य ती त्याच्यासमोर कितीदा तरी म्हणाली होती. बरं म्हणायची, पाठ केलेलं म्हणतात तसं. आजचं तिच्या आतून कुठून तरी आलं होतं. क्षणभर त्याला आनंदच झाला. माझ्यावाचून यांचं किती अडलंय, असं त्याला वाटलं. बिचाऱ्याला एवढंही कळलं नाही, की त्याच्यावाचून काहीएक अडलेलं नव्हतं.

तो आत शिरला. "आलो बाप्पा," म्हणाला. सगळे वळले. कुणी उठून आलं, कुणी तब्येत विचारली, कृष्णकांतनं पाठीवर थापही मारली. पण आमंत्रण एकाला आणि दारात दोघं आले की घरच्यांचं जसं होतं, तसं काहीतरी त्या चेहऱ्यांवर होतं. पुनाजीनं ते पाहिलं आणि मनातून झटकून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून तो आपल्या जागी उभा राहू लागला, आणि दुसऱ्या दिवसापासूनच सगळं बिघडलं. तो "आई, मी आलो" म्हणायचा, तोवर सुधाचं उत्तर येऊन गेलेलं असायचं. नाहीतर त्याचं म्हणून झालं, तरी ती गप्पच, कुणाचं तरी अजून पुरं व्हायचं असल्यासारखी. कृष्णकांत त्याच्या डोळ्यांत पाहायचाच नाही. त्याची नजर पुनाजीच्या डाव्या खांद्यापलीकडे, हातभर अंतरावर लागलेली असायची.

"माह्याकडं पाय ना बे," पुनाजी शेवटी वैतागून म्हणाला. "तिकडं काय पाहून राह्यला?"

"तुह्याकडंच तं पाहून राह्यलो," कृष्णकांत म्हणाला. मग त्यानं नजर पुनाजीवर आणली आणि ओशाळला. "तूच तिथं उभा राह्यत जा ना. काऊन इकडं सरकतं?"

पुनाजी हातभर डावीकडे सरकला. तशी कृष्णकांतची नजर उजवीकडे गेली.

"कुमरे, घाई करू नकोस," गुरुजी खुर्चीतून म्हणाले. "'मी आलो'च्या आधी थांब जरा. परवा थांबला होतास तसा. छान केलं होतंस परवा."

परवा पुनाजी घरी बायजाजवळ होता. खोलीत सगळ्यांना ते ठाऊक होतं. गुरुजींनी पट्टी उचलली, खाली ठेवली, चष्मा पुसला आणि "चला, पुढे," म्हणाले.

असल्या गोष्टी वाढत गेल्या. खानावळीत आनंदाबाई पोळ्या वाढायची. ती याच्या पुढ्यात ताट न मांडताच पुढे गेली. "मले नाई वाढत का मावशी?" म्हटल्यावर ती गोंधळून मागे आली. "तुमचं तं झालं ना जेवन? आताच तं उठले तुमी," म्हणाली. रंगीत तालमीला थोरल्याची बंडी पेटीतून काढली, तर ती काखेत घामानं ओली होती. पुनाजीनं ती त्याआधी अंगाला लावलीच नव्हती. त्याला ती घालवेना. बाकीच्यांना हे विचित्र वाटत नव्हतं का? वाटत असणार. पण नाटक असं काही चढलं होतं, की ते मोडायला कुणाचं मन होत नव्हतं. चांगलं चाललेलं असलं की माणसं फार प्रश्न विचारत नाहीत.

एका सकाळी विहिरीवर त्याला सुधा भेटली. त्यानं सरळच विचारलं, "सुधाताई, खरं सांगा. मी नव्हतो तेव्हा तुमाले काही ऐकू येत होतं का?"

तिनं बादली खाली ठेवली. खोटं बोलणं तिला जमत नसे. "पहिल्यांदा नाही. मग यायला लागलं. सगळ्यांनाच. आम्ही एकमेकांना सांगितलं नाही, पण सगळे एकाच वेळी थांबायचो आणि एकाच वेळी निघायचो, त्यावरून कळायचंच."

"कोनाचा आवाज?"

"तुमचाच. अगदी तुमचा. फक्त..."

"फक्त काय?"

"राग मानू नका, कुमरे. तुम्ही आपलं वाक्य फार छान म्हणता. पण माझं वाक्य चाललेलं असतं तेव्हा तुम्ही तुमचं पुढचं मनात घोकत असता. मला दिसतं ना ते. तो घोकत नाही. तो ऐकतो. त्याच्यासमोर बोलताना मला खरंच वाटतं, की हा माझाच मुलगा आहे आणि मी याची फार वाट पाहिली."

पुनाजीला कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. तो भीत होता हे खरं. पण त्या भीतीच्या बुडाशी आणखी एक गोष्ट वळवळू लागली, ती म्हणजे असूया. सगळ्यांनी ऐकलं, आणि ज्याचा आवाज त्यानंच तो ऐकला नाही! कसं म्हणत असेल तो? कुठे थांबत असेल? एवढं काय आहे त्यात?

तो गुरुजींकडे गेला. "गुरुजी, माही जागा मले वापस द्या," म्हणाला.

"वापस? अरे, तुझीच आहे. उभा राहा की," गुरुजी म्हणाले. मग ते खिडकीबाहेर पाहू लागले. "इतकी वर्षं मुलांना मी हेच सांगत आलो बघ. ऐका, ऐका. कुणाला कधी जमलं नाही. यंदा जमलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते आनंदाचं होतं, आणि पुनाजीला त्याच पाण्याची सगळ्यात जास्त भीती वाटली.

नाटकाचा दिवस उजाडला. लांबून येणाऱ्यांना उजेडी परतता यावं म्हणून खेळ दुपारचाच ठेवला होता. पटांगणात मांडव, बांबूच्या तट्ट्यांचं स्टेज, मधोमध दाराची लाकडी खरी चौकट रोवलेली. लख्ख ऊन पडलं होतं. सेलूची सगळी बाजारपेठ लोटली होती, आसपासच्या खेड्यांतून गाड्या आल्या होत्या. बायजा हिरवं लुगडं नेसून आली. बायकांच्या बाजूला बसण्याआधी ती तट्ट्यामागे आली, पुनाजीचे दोन्ही दंड घट्ट धरून तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"थांबू नकोस," ती म्हणाली. "पाय टाकलास की बोल."

"नाही थांबत," पुनाजी म्हणाला, आणि त्या वेळी ते त्याला मनापासून म्हणायचं होतं.

खेळ सुरू झाला. पहिला अंक झाला. दुसऱ्यात धाकट्यानं आईला जेवायला वाढलं, लोक हसले, लोक हळहळले. पुनाजी विंगेत उभा होता, ती ओली बंडी अंगात घालून. पुढ्यात चौकट होती, पलीकडे सुधा, तिच्यापलीकडे उन्हात बसलेली माणसं. आत जायला एकच पाऊल पुरे होतं. सुधानं मान वर केली. कृष्णकांत मागे सरला. पटांगणातली सगळी कुजबूज एकाएकी थांबली.

हीच ती वेळ. पुनाजीनं पाय उचललाही. आणि त्याच्या मनात आलं, एकदाच. एकदाच ऐकावं आणि मग जावं. कसं म्हणतो तेवढं कळलं, की आपण तसंच म्हणू, त्याच्याहून चांगलं म्हणू. एका श्वासाचा तर प्रश्न आहे. नाटकाचं वेड लागलेल्या कुठल्याही पोरानं हेच केलं असतं. त्यानं पाय खाली ठेवला, श्वास रोखला, आणि आयुष्यात पहिल्यांदा खरोखर कान देऊन ऐकलं.

"आई," त्याचाच आवाज म्हणाला. मग थांबला. त्या थांबण्यात सगळी वर्षं होती. बापाला खांदा न देणं होतं, दाराबाहेर किती वेळ उभा राहिलो ते न सांगणं होतं, आईच्या केसांकडे पाहून जीभ अडखळणं होतं. "मी आलो."

पुनाजीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. नाटकातल्या या आईला काय वाटत असेल असा विचार त्यानं इतक्या तालमींत एकदाही केला नव्हता. आता ते कळलं. सुधा बोलू लागली आणि तिचा शब्दन्‌शब्द त्याला ऐकू आला, जन्मापासून कानात बसलेला बोळा निघाल्यासारखा. गुरुजी जे शिकवत होते ते तो शिकला होता. शिकला, पण कोणत्या वेळी! त्याची कीव येते.

भानावर येऊन तो पुढे झाला, पण आत शिरायला कुठे फटच उरली नव्हती. सुधाचं संपलं की त्या आवाजाचं सुरू होई, त्याचं संपलं की कृष्णकांतचं. तिघं मिळून प्रवेश असा विणत होते, की त्यात चौथ्याला बोट घालता येऊ नये. तरी पुनाजी चौकटीत जाऊन उभा राहिला, भर स्टेजवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. कुणी दचकलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका फेटेवाल्यानं फक्त हातानं खूण केली, की बाजूला व्हा. याच्यामुळे त्याला मागचं दिसत नव्हतं.

पुनाजीनं तोंड उघडलं. आतून आवाजच आला नाही.

तो तट्ट्यामागून बाहेर पडला. मांडवाला वळसा घालून, लोकांच्या पायांवर पाय देत, बायकांच्या बाजूला धावत गेला. कुणी त्याला हटकलं नाही. बायजा तिसऱ्या-चौथ्या रांगेत होती. तिच्या गालांवरून आसवं ओघळत होती आणि ती हसत होती. तिचा इतका उजळलेला चेहरा पुनाजीनं बाप जिवंत होता तेव्हाही पाहिला नव्हता. तो तिच्याजवळ जमिनीवर कोसळला, तिचा हात धरला, आणि कसाबसा फुटला तेवढ्या आवाजात गोंडीत तिला हाक मारली.

बायजानं वळून त्याच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. मग तिनं हात हळूच सोडवून घेतला, पदर डोक्यावर पुढे ओढला आणि त्याला बसायला जागा व्हावी म्हणून थोडी सरकली. ती मराठीत बोलली. ती भाषा तिची बाजारापुरती होती, तलाठ्यापुरती, परक्या माणसापुरती. पोटच्या पोराशी ती त्या भाषेत जन्मात एक शब्द बोलली नव्हती.

"बसा ना, मास्तर," ती म्हणाली. "तो पाहा, तो दारात उभा हाय ना, तो माहा पोरगा होय."